जमीन सपाट धरली होती

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ ऑगस्ट १९५३

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र माईकडे सरकवाल आणि माई ते तुमच्या देखत मोठ्यानं वाचेल, असं धरून लिहिते आहे. पत्र घरगुती नाही, शाळेच्या कामाचं आहे. तेव्हा ऐकायला हरकत नसावी.

आमच्या शाळेच्या चालकांकडून तुम्हाला विचारणा आली असेल. अकरावीच्या, म्हणजे एस.एस.सी.च्या, माझ्या वर्गाचं गणित बाहेरच्या जाणत्या शिक्षकाकडून तपासून घ्यायचं ठरलं आहे. कमिटीवरच्या हंबीररावांनी तुमचं नाव सुचवलं. मी तुमची मुलगी हे ठाऊक असून सुचवलं की नकळत, ते मला कळलेलं नाही. आमच्या मुख्याध्यापिका शालूबाई मात्र म्हणाल्या, "वडीलच येणार म्हणजे सांभाळून घेतील."

माझ्याविरुद्ध तक्रार आहे ती अशी. कालिंदीबाई वर्गात सिद्धता लिहून देत नाहीत. "तुम्हीच शोधा" म्हणतात. तासाला पोरी फळ्यापाशी जमून भांडतात आणि शेजारच्या वर्गाला ऐकू जातं. अशानं एस.एस.सी.ला काय लिहिणार? तक्रार बरीचशी खरी आहे. भांडणाचा आवाज तर फारच होतो.

एकच उदाहरण देते. वर्गात बाळाबाई नावाची मुलगी आहे, कसबा बावड्याहून चालत येते. वडील केरबा ऊस करतात. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन का होते, हे मी विचारलं आणि पुस्तकं मिटायला लावली. दोन दिवसांनी ही उभी राहिली. म्हणाली, "बाई, आमचं एक रान तिकोनी हाय. बांधानं चालत गेलं की तीन कोपऱ्यांवर तीनदा वळायचं. फिरून पयल्या जागी आलं आन् वळलं, की तोंड परत जिथं हुतं तिथंच. म्हणजे सगळी वळणं मिळून एक पुरी गिरकी, चार काटकोन. आता दर कोपऱ्यावर आतला कोन आन् आपलं वळण मिळून सरळ रेघ हुती, म्हणजे दोन काटकोन. तीन कोपऱ्यांचे सहा. सहातनं गिरकीचे चार काढले. ऱ्हायले दोन."

अप्पा, समांतर रेषा नाही, व्युत्क्रम कोन नाहीत, काही नाही. एका मुलीनं बांधावरून चालत जाऊन हे आणलं. मी तिला वर्गासमोर छान म्हटलं. दोन-तीनदा म्हटलं.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. गांधीजींच्या खुनानंतर अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत आपलं घर गेलं, कपाटभर पुस्तकं गेली, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही देवळाच्या ओवरीत वर्ग भरवून सबंध भूमिती तोंडपाठ सांगितलीत. "पाठ केलेलं जळत नाही," असं म्हणाला होतात. मी तेव्हा शेजारी उभी होते आणि मला तुमचा अभिमान वाटला होता. पुढं त्याच ओवरीत एका मुलानं वेगळी रीत काढली, मी ती बरोबर आहे म्हणाले, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माझ्या वर्गात दोन रीती नाहीत." बाप-लेकीत गणितावरून अबोला आहे असं मी इथं कुणाला सांगत नाही. लोक हसतील.

तपासणीला यावं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्यासाठी येऊ नका आणि माझ्यामुळं टाळूही नका.

माईला सांगा, मी जेवते.

कालिंदी

२० सप्टेंबर १९५३

अप्पा,

तुम्ही आलात, तपासलंत, आणि चहाही न घेता कुरुंदवाडच्या गाडीनं घरी गेलात. जे झालं ते तुमच्यासमोरच झालं, पण त्यातलं काही तुम्हाला दिसलं नसेल म्हणून लिहिते.

तुम्ही मुलींना एकेक प्रमेय विचारत होता. बऱ्याच जणींनी बरं सांगितलं. मग बाळाबाईला तुम्ही तेच नेमकं विचारलंत आणि ती बांधावरून निघाली. तुम्ही तिला एकदाही अडवलं नाहीत. मला वाटलं, आता रागावतील. तुम्ही शिपायाला भूगोलाच्या खोलीतून पृथ्वीचा गोल आणायला सांगितलंत.

"इथं उत्तर ध्रुवावर उभी राहा," तुम्ही म्हणालात. "सरळ खाली विषुववृत्तापर्यंत ये. काटकोनात वळ. पाव पृथ्वी चाल. पुन्हा काटकोनात वळ आणि सरळ वर ध्रुवावर जा. तिथं काटकोनात वळलीस की तोंड कुठं?"

तिनं बोट फिरवून बघितलं. "जिथं हुतं तिथंच."

"वळणं किती झाली?"

"तीन काटकोन."

"मग पुरी गिरकी कुठं गेली? चौथा काटकोन कुठं गेला?"

ती गोलावर पुन्हा तोच रस्ता बोटानं चालली.

"तू जमीन सपाट धरली होतीस," तुम्ही म्हणालात. "धरायला हरकत नाही. पण तुझ्या सिद्धतेत ती नेमकी कुठं धरलीस ते सांग."

तेव्हा तुम्ही गोलाकडे बघत होता. मागं खुर्चीवर बसलेले हंबीरराव शालूबाईंकडे वळून म्हणाले, "म्हणजे चुकलंच की हो पोरीचं. आन् बाईंनी त्याला छान म्हटलंय म्हणं." कुणीतरी हसलं. बाळाबाईचे कान लाल झाले. माझेही झाले असतील, कारण अप्पा, ती फट मला दिसलेली नव्हती. मी गणित घेऊन बी.ए. झाले आहे. एवढी वर्षं शिकवते आहे. मला ती दिसली नव्हती.

तुमच्या अहवालात तुम्ही फक्त एवढंच लिहिलंत की सदर सिद्धता अपुरी आहे. शब्द तोलून वापरलात, चुकीची नव्हे, अपुरी. पण कमिटीत तो फरक कुणाला कळणार? सोमवारपासून अकरावी माझ्याकडून काढून घेतली. मला पाचवीचं गणित आणि शिवण दिलं आहे. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. तुम्ही मुद्दाम केलं असतंत तर मला रागावणं सोपं गेलं असतं.

बाळाबाई त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही.

कालिंदी

११ ऑक्टोबर १९५३

अप्पा,

उत्तर येणार नाही हे ठाऊक असून लिहिते आहे, कारण हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

काल बावड्याला गेले. वाटेभर मी मनाशी वाक्यं जुळवत होते. मुलीचा अपमान झाला, तिची समजूत घालायची, चूक माझी आहे म्हणायचं. केरबा दारातच भेटले. मला बघून म्हणाले, "या बाई. बरं झालं आलासा. पोरगी कामाची ऱ्हायली न्हाय बघा. म्हशीला पाणी दाव म्हटलं तर भोपळा घेऊन बसतीया."

मला कळेना. आत गेले तर तिची आई चिमणाबाई चुलीपुढं कपाळाला हात लावून बसलेली, आणि माजघरात बाळाबाई भोपळा मांडीवर घेऊन. त्याच्यावर कोळशानं त्रिकोण काढलेले, लहान, मोठे, एकमेकांत गेलेले. उसाच्या पात्याच्या बारीक पट्ट्या फाडून ठेवल्या होत्या. सुरकुती न पडता पट्टी जशी बसेल ती सरळ रेघ, हे तिचं तिनंच ठरवलं होतं. कंपासपेटीतला कोनमापक त्या गोलाईवर बसेना म्हणून त्याचा कोपरा कापून टाकलेला.

"शाळेत का येत नाहीस?" मी विचारलं. "वाईट वाटलं का?"

"कशाचं?" ती म्हणाली. आणि एकदम बोलायलाच लागली. "बाई, ल्हान तिकोन काढला तर दोन काटकोनांच्या जवळ येतंय. मोठा काढला की वाढतंय. म्हणजे कोपऱ्यावर न्हवं, माणूस चालता चालताच वळतंय. त्येला कळत न्हाय, पर वळतंय. चौथा काटकोन तितं गेलाय."

अप्पा, मी तिच्याशेजारी बसले आणि एकेक त्रिकोण बघितला.

नंतर तिनं जे म्हटलं ते तुम्हाला कळावं म्हणूनच हे पत्र. ती म्हणाली, "त्या आजोबांनी मला खरं इचारलं. तुम्ही नुसतं छान म्हणलासा."

रागानं नव्हे. भोपळा फिरवत, सहज म्हणाली. तिला ठाऊकही नव्हतं ते आजोबा माझे कोण. मी सांगितलं नाही.

इतकी वर्षं मी समजत होते की तुमच्या वर्गात मुलांची डोकी झाकली जातात आणि माझ्या वर्गात उघडतात. उघडून पुढं काय करायचं, हा विचार मी केला नव्हता. पण तुम्हालाही विचारते. असा प्रश्न तुमच्याजवळ होता तर ओवरीतल्या त्या मुलाला का नाही विचारलात? मला का नाही? आम्हाला सगळ्यांना तुम्ही नुसतं पाठ करायला लावलंत. परक्या पोरीला तो पहिल्या भेटीत दिलात.

ती सोमवारपासून शाळेत येईल. चिमणाबाईंनी भोपळा परत मागून घेतला. त्याची भाजी होणार आहे.

तुमची
कालिंदी

१७ जानेवारी १९५४

अप्पा,

हे पत्र माईनं वाचण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. विनंती आहे.

शाळेच्या चाचणी परीक्षेत बाळाबाई भूमितीत नापास झाली. तिची उत्तरपत्रिका मी शिक्षकांच्या खोलीत पाहिली. कोनांच्या बेरजेचं प्रमेय सिद्ध करा म्हणून विचारलं होतं. तिनं लिहिलं आहे: "हे सपाट जमिनीवरच खरं आहे. भोपळ्यावर खरं नाही. पुस्तकातल्या सिद्धतेत समांतर रेषा काढतात, तिथं जमीन सपाट धरली जाते. माझ्या सिद्धतेत चालताना वळत नाही असं धरलं, तिथं सपाट धरली गेली. दोन्ही धरणं एकच आहे का, ते मला अजून कळलेलं नाही." तिथंच थांबली आहे. पुढचे प्रश्न कोरे. सगळा वेळ यातच गेला असावा.

तिच्या नव्या बाईंनी शून्य दिलं. त्या वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "कालिंदीबाई, प्रमेय सिद्ध करायला सांगितलं होतं, ते केलेलं नाही. मी गुण कशाला देऊ?"

आता शाळा तिचा एस.एस.सी.चा फॉर्म पाठवणार नाही म्हणते. केरबांनी आधीच सांगून ठेवलंय, यंदा परीक्षा झाली तर झाली, नाहीतर लग्न. पास झाली तर पुढं राजाराम कॉलेजचा विषय काढता येईल असं मला वाटतं. नापास झाली तर कशाचाच काढता येणार नाही.

हंबीरराव तुमचा शब्द मानतात. तुम्ही एक ओळ लिहिलीत, की ही मुलगी गणितातली आहे, तर ते ऐकतील. तिनं उत्तरपत्रिकेत जे लिहिलं आहे ते अकरावीच्या मुलीचं नाही, हे तुमच्याइतकं कोल्हापुरात कुणाला कळणार? मला कळतं, पण माझा शब्द इथं आता चालत नाही.

मी तुमच्याकडे यापूर्वी काही मागितलेलं नाही. मॅट्रिकनंतर शिकायचं म्हटलं तेव्हाही माईनंच मागितलं होतं.

तुमची
कालिंदी

६ फेब्रुवारी १९५४

अप्पा,

तुमचं कार्ड मिळालं. तुमचं अक्षर आता थरथरतं, हे आधी दिसलं. मजकूर नंतर वाचला. "तिला पाठ करायला लाव. परीक्षेनंतर शोधू दे." खाली सही. माझ्यासाठी एक अक्षर नाही.

मला इतका राग आला की मी कार्ड फाडायला निघाले. आणि मग तुम्ही म्हणालात तेच केलं.

शालूबाईंच्या घरी जाऊन विनवणी केली. एकदा पुन्हा तपासा, मी तिची तयारी करून घेते, तुमच्यासमोर बसवा. त्या म्हणाल्या, "पण कालिंदीबाई, परत गोलबिल काढणार नाही ना ती?" मी म्हटलं, नाही काढणार.

रोज शाळा सुटल्यावर ती माझ्या खोलीवर येते. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. मी म्हणते, ती म्हणते. मध्येच थांबून "पर बाई, हितं" असं म्हणाली की मी म्हणते, "हितं काही नाही, पुढं म्हण." पहिल्या आठवड्यात ती पुष्कळदा थांबायची. आता थांबत नाही.

काल ती एका दमात सबंध प्रमेय म्हणून दाखवून गेली, चूक नाही. जाताना मी विचारलं, "कळलं ना?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. म्हणाली, "पाठ झालंय की."

तुमचं ऐकण्याखेरीज दुसरी वाट मला दिसली नाही. दिसत असेल तर अजूनही कळवा.

कालिंदी

२७ जून १९५४

अप्पा,

निकाल तुम्हाला कळलाच आहे, हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक ते पुढं लिहिते. शालूबाईंनी पुन्हा तपासून फॉर्म पाठवला, आणि गणितात ती शाळेत पहिली आली. हंबीररावांनी समारंभ केला, हार घातला, भाषणात म्हणाले, आमच्या शाळेची शिस्त. मला अकरावी परत मिळणार आहे. शालूबाई म्हणाल्या, "बघा, रीतीनं गेलं की जमतं." मी मान डोलावली.

तिच्याकडून पेढे घेऊन चिमणाबाई आल्या, एकट्याच. कॉलेजचा विषय काढायचा म्हणून मी पदर सावरून बसले, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कालेजाचंच न्हवं? तुमच्या आधी ते म्हातारं पावणं पन तेच बोलून गेलं की."

"कोण?"

"कुरुंदवाडचं मास्तर. परवा टांगा करून आलं हुतं."

तुम्ही बावड्याला येऊन गेलात. माझ्याकडे न येता; टांगा कोल्हापुरातूनच गेला असणार. दुसरा रस्ता नाही.

जे झालं ते त्यांनी मला सगळं सांगितलं. जाळपोळीनंतर तुम्ही कुणाही शेतकऱ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतंत, माईनं कितीदा समजावलं तरी. केरबांच्या सोप्यात तुम्ही घोंगडीवर बसलात, गुळाचा चहा घेतलात, आणि म्हणालात, "ही मुलगी मला शिकवायला द्या. कॉलेजला पाठवा, आणि सुट्टीत माझ्याकडे कुरुंदवाडला पाठवा. घरात माझी पत्नी आहे, तिची आजीच म्हणा."

केरबा वाईट बोलले नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही मोठी माणसं. पर पोरगी पास झाली न्हवं? पयली आली. सगळ्या गावानं बघितलं. मग आता आनि काय शिकायचं ऱ्हायलंय?"

चिमणाबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्यानं कप खाली ठिवला वं बाई. काठी घेतली आन् उठलं."

अप्पा, आपण दोघांनी मिळून तिला पहिली आणली.

लग्न ठरलं आहे, याच आठवड्यात. मुलगा नेसरीचा, तिथल्या सोसायटीत कारकून आहे, वाचणारा आहे असं म्हणतात. गडहिंग्लज तालुका. इथून जायला दिवस मोडतो.

आणि आता खरं लिहायचं ते. काल ती स्वतः आली. हातात हिरव्या बांगड्या, अंगाला हळदीचा वास, बरोबर राखायला एक मावशी. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. इतके दिवस "पुढं म्हण" म्हटलेल्या मुलीला काय विचारणार? माझी खात्री होती की तिच्यातलं ते मी मारून टाकलं.

मावशी बाहेर पायरीवर टेकली तशी ती हळूच म्हणाली, "बाई, एक इचारू? भोपळ्यावर जास्त येतंय. सपाटावर बराब्बर दोन. मग कमी कुठं येतंय?"

मी म्हटलं, "कमी?"

"घागरीच्या गळ्याला," ती म्हणाली. "जितं घागर आत जातीया आन् परत भाईर येतीया. तितं पात्याच्या पट्ट्या लावून बघितल्या मी. दोन काटकोनांपेक्षा कमी भरतंय. म्हणजे तितं माणूस चालता चालता उलटं वळतंय न्हवं? पर मग असलं सबंध रान असंल का वो? सगळीकडं घागरीच्या गळ्यासारखं? तितं समांतर रेघा कशा जातील?"

"हे कधी बघितलंस?"

"परीक्षेच्या टायमाला. पाठ करताना हात मोकळंच असत्यात की."

मी सांगितलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, अप्पा. असं काही असतं असं बी.ए.ला असताना सरांनी एकदा ओझरतं म्हटल्याचं आठवतं, परीक्षेला नव्हतं म्हणून आम्ही लिहून घेतलं नाही. तिला मी विचारलं, एका जागेतून किती समांतर रेघा जातील असं तुला वाटतं? ती विचार करत बसली. मावशीनं हाक मारली. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि म्हणाली, "एकापेक्षा जास्ती जात्यात काय, बघते. तिकडं पन घागर असंलच."

तुमच्याकडे जुनी पुस्तकं उरली नाहीत. पण सांगलीच्या कॉलेजात तुमचे विद्यार्थी आहेत, पुण्याला आहेत, मागवता येतील. तुम्हाला उत्तर सापडलं तर मला कळवू नका. तिलाही उत्तर लिहू नका. भूगोलाचा गोल मागवून विचारलंत तसा पुढचा प्रश्न लिहा. पत्र तिच्या नवऱ्याच्या नावानं धाडावं लागेल, आणि तिच्या हाती पडेल की नाही हे मी सांगू शकत नाही. एक पडलं नाही तर दुसरं लिहा. मीही लिहीन. दोघांपैकी एकाचं तरी पोचेल.

लग्नानंतरचा तिचा पत्ता असा: सौ. बाळाबाई, द्वारा श्री. जोतीराम, विकास सोसायटी, मु. पो. नेसरी, ता. गडहिंग्लज.

तुमची
कालिंदी